लाल खडकांची दरी पाहायला निघालेल्या आई-वडिलांसाठी

"आम्ही भुसावळचे, डॉक्टर! आम्हाला उन्हाचे काय सांगता?"

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी मला असे म्हणाले होते. वय ६८, दहा-बारा वर्षांचा मधुमेह आणि जोडीला रक्तदाब. मुलगा अमेरिकेत नोकरीला. त्याच्याकडे सहा महिने राहायला गुरुजी आणि बाई निघाले होते आणि औषधे लिहून घ्यायला दवाखान्यात आले होते. मुलाने त्यांना लास व्हेगासजवळची रेड रॉक कॅन्यन ही लाल खडकांची दरी दाखवायचे ठरवले होते. वाळवंटी भाग आहे, जरा उन्हाचे सांभाळा, असे मी म्हणताच गुरुजींनी वरील उत्तर दिले. मीही हसून विषय सोडून दिला. ती माझी चूक झाली.

मे महिन्यात ते दरी पाहायला गेले. मुलाने प्रवेशाचे आरक्षण उशिरा केले, त्यामुळे सकाळची वेळ मिळाली नाही, अकराची मिळाली. पारा ३४ अंशांवर होता. आपल्या खानदेशात मे महिन्यात ३४ म्हणजे गार वारा! गुरुजींनी सकाळी नेहमीच्या सर्व गोळ्या घेतल्या. वाटेत लघवीला कुठे जायचे, या चिंतेने दोघांनीही सकाळपासून जेमतेम कपभर चहा घेतला होता. पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवून मंडळी खडकांमध्ये तासभर चालली. परत येताना गुरुजींचे डोके दुखू लागले, पाय लटपटले, उलटी झाली आणि ते खाली बसले. सुदैवाने मुलाने त्यांना लगेच गाडीत घालून रुग्णालय गाठले. सलाईन लावावे लागले. क्रिएटिनिन वाढले होते, ते चार दिवसांनी खाली आले.

परत आल्यावर गुरुजींनी कागद माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "४४ अंशांत ज्याला काही होत नाही, त्याला ३४ मध्ये असे का व्हावे?"

प्रश्न महत्त्वाचा आहे. आज आपल्या तालुक्यातालुक्यांतून आई-वडील मुलांकडे परदेशी जातात आणि तिकडची प्रेक्षणीय स्थळे पाहतात. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी.

ही जागा कशी आहे?

रेड रॉक कॅन्यन अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास व्हेगासच्या मुख्य भागापासून पश्चिमेला सुमारे २७ किलोमीटरवर, मोहावी वाळवंटात आहे. नेवाडातील सुमारे ८० टक्के जमीन तिथल्या केंद्र सरकारची, म्हणजे सार्वजनिक मालकीची आहे. ही दरी त्याच जमिनीत येते. १९९० साली कायदा करून तिला राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. देखभाल ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खाते करते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झालेला लाल खडक आणि त्याच्यावर सरकून बसलेला, त्याहून कितीतरी जुना राखाडी चुनखडक असे दृश्य इथे उघड्या डोळ्यांनी दिसते. जुने वर आणि नवे खाली! जुन्या रहिवाशांनी खडकांवर कोरलेली चित्रेही आहेत. पाहण्यासारखी जागा आहे, यात शंका नाही.

पण सहलीच्या दृष्टीने तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पहिली, आत दुकान नाही, टपरी नाही. सप्तशृंगी गडावर वळणावळणाला लिंबूसरबत मिळते, तसे इथे काही नाही. पिण्याचे पाणी सुरुवातीच्या माहिती केंद्रात भरून घ्यायचे, पुढे ते मिळत नाही. दुसरी, आतला रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा आणि एकेरी आहे. मध्येच कोणाला बरे वाटेनासे झाले तर गाडी वळवून मागे येता येत नाही, फेरी पूर्ण करूनच बाहेर पडावे लागते. तिसरी, दरीत बऱ्याच ठिकाणी मोबाईल लागत नाही.

उंचीची मात्र काळजी नको. रस्त्यावरचा सर्वांत उंच थांबा सुमारे १,४५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडाच वर. एवढ्या उंचीने सहसा दम लागत नाही. तिथे त्रास होतो तो उन्हाचा आणि कोरड्या हवेचा.

उन्हाची सवय म्हणजे काय?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. भुसावळ-जळगावचा माणूस मे महिना काढतो तो कातडी जाड असल्यामुळे नव्हे. तो दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही. पडलाच तर डोक्याला रुमाल किंवा उपरणे बांधतो. घरात माठ असतो, येता-जाता त्यातले पाणी प्यायले जाते. पन्हे होते, ताक होते, जेवणात कांदा असतो. रस्त्यात भोवळ आली तर कोणीतरी हात धरून सावलीत बसवतो. आपल्याला उन्हापासून वाचवते ती ही दिनचर्या. सहलीला निघताना ती घरीच राहते आणि "मला उन्हाची सवय आहे" एवढा भरवसा मात्र बरोबर येतो.

शरीरालाही सवय होते, हे खरे. रोज उन्हात वावरले की एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण कमी होतो. पण ही सवय टिकाऊ नसते. उन्हाशी संबंध तुटला की तीन-चार आठवड्यांत ती बहुतेक निघून जाते. गुरुजी मार्चमध्ये गेले आणि दोन महिने वातानुकूलित घरात आणि गाडीत राहिले. मे महिन्यात दरीत उतरले तेव्हा त्यांचे शरीर भुसावळचे राहिलेच नव्हते.

घाम न दिसणे हा धोका

घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो. त्यामुळे तो दिसतो आणि पाणी प्यायची आठवण होते. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम सुटताक्षणी उडून जातो. अंग कोरडे, सदरा कोरडा. माणसाला वाटते, आपल्याला घाम आलाच नाही. प्रत्यक्षात शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जात असते.

त्यात वयाची भर पडते. साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. म्हणून ज्येष्ठांनी तहान लागण्याची वाट पाहू नये. घड्याळ पाहून पाणी प्यावे.

औषधांचा संबंध

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून काम करतात. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि फ्रुसेमाइड ही अशी औषधे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या गोळ्या चांगल्याच आहेत, पण शरीर कोरडे पडलेले असताना त्यांच्यामुळे मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात, तिच्याबरोबर पाणीही जाते. नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे उन्हात हृदयाला गरजेप्रमाणे वेग वाढवता येत नाही. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी घामच कमी येतो.

हे वाचून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. त्याने रक्तदाब किंवा साखर वाढून वेगळेच संकट ओढवेल. जाण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना सर्व औषधे दाखवा आणि स्पष्ट विचारा, "उन्हात फिरण्याच्या दिवशी यातले काय बदलायचे? उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

घरून निघण्यापूर्वी

औषधे पुरेशी घ्या, मूळ पाकिटात ठेवा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे इंग्रजीत, छापील अक्षरांत लिहून घ्या. कंपनीचे नाव तिकडे ओळखीचे नसते.

उन्हाळ्यात लास व्हेगासचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ. म्हणजे सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी यांची अदलाबदल होते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवूनच घ्यावे. शिवाय झोप रुळावर यायला आठवडा लागतो, तोपर्यंत दरीची सहल ठेवू नये.

आरोग्य विमा जरूर घ्या. तो घेताना आधीपासून असलेल्या आजारांना तो लागू आहे का, हे वाचून पाहा. तिकडचा रुग्णालयाचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा असतो.

आणखी एक गंमत. आपण अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि हवा सेल्सिअसमध्ये. अमेरिकेत दोन्ही फॅरनहाइटमध्येच. तिथे हवामानाच्या बातमीत ९३ म्हटले तर आपले ३४, १०४ म्हणजे ४० आणि ११० म्हणजे ४३ अंश. ७ जुलै २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये १२० अंश, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ४९ अंश इतक्या विक्रमी तापमानाची नोंद झाली.

महिना आणि वेळ

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. हिवाळ्यात पहाटे हवा शून्याजवळ जाते, स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ज्येष्ठांनी तिथे चालण्याचा बेत करू नये. जायचेच झाले तर गाडीतून फेरी मारावी आणि थांब्यांवर पाच-दहा मिनिटे उतरावे.

१ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दरम्यान गाडीने आत जाण्यासाठी वेळेचे आरक्षण लागते. हे काम मुलांनी शेवटच्या दिवसावर ढकलू नये, कारण सकाळच्या वेळा आधी संपतात. अकराचे आरक्षण म्हणजे भर दुपारची पायपीट. गुरुजींचे आजारपण खरे तर तिथूनच सुरू झाले. रस्ता सकाळी ६ वाजता उघडतो आणि ८ च्या आत पोचणाऱ्याला आरक्षण लागत नाही. मे महिन्यात हाच मार्ग उत्तम. सहाला आत, साडेनऊला बाहेर. नियम आणि वेळा बदलू शकतात, निघण्यापूर्वी मुलांनी खात्री करून घ्यावी.

पाणी आणि खाणे

दिवसभराच्या सहलीसाठी माणशी चार लिटर पाणी गाडीत असावे. चालायला निघताना बाटली हातात किंवा पाठीवर हवी, गाडीत नव्हे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा घोट घ्यावेत. एकदम लिटरभर पिऊ नये.

नुसते पाणीच ढोसणेही बरे नव्हे. घामातून मीठही जाते. तासन्‌तास फक्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम कमी होऊन डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते. म्हणून बरोबर शेंगदाणे, चिवडा, पुरी-भाजी असे खारट खाणे ठेवावे. जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटे इथूनच न्यावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह्यांनी जलसंजीवनी रोजचे सरबत म्हणून पिऊ नये, पण शरीर कोरडे पडले असेल तर साखरेच्या भीतीने ती टाळूही नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्यासाठी गाडीतली फेरीच योग्य.

लघवीच्या भीतीने पाणी न पिणे ही आपल्याकडची, विशेषतः भगिनींची, फार जुनी सवय. तिथे माहिती केंद्रात आणि रस्त्यावरच्या काही थांब्यांवर शौचालये आहेत. थांब्यांवर पाण्याचा नळ नसतो, म्हणून कागद आणि थोडे पाणी बरोबर ठेवावे. ती कोणत्या थांब्यांवर आहेत, हे मुलांनी आधी सांगून ठेवले तर आई निर्धास्तपणे पाणी पिईल. तसेच त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी असेल तर सहल दुसऱ्या दिवशी ठेवावी. उपासाच्या पोटी, विशेषतः साखरेच्या गोळ्या घेऊन, तिथे चालू नये.

कपडे आणि चालणे

पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, रुंद काठाची टोपी, डोळ्यांना गॉगल. पायांत बूट हवेत. चपला-सँडलमध्ये काटे आणि खडे जातात, मधुमेह्याच्या पायाला त्याची जखम महागात पडते. साडीऐवजी सलवार-कमीज सोयीचे. कोरड्या हवेने ओठ फुटतात, काहींचा घोळणा फुटतो. ओठांना तूप आणि नाकपुड्यांना आतून थोडे व्हॅसलीन लावावे.

ज्येष्ठांनी सपाट वाट निवडावी. लॉस्ट क्रीकची वाट साधारण सव्वा किलोमीटरची आहे. त्याच परिसरातील रेड स्प्रिंग येथे लाकडी फळ्यांची वाट असून चाकाची खुर्चीही नेता येते. कॅलिको टँक्सची वाट फोटोत सुंदर दिसते, पण तिथे खडकांवरून चढावे लागते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये. परतीची वेळ निघतानाच ठरवावी आणि ती झाली की कितीही पुढे पाहावेसे वाटले तरी मागे फिरावे. आपण कुठे आहोत आणि किती वाजता परत येणार, हे घरी कोणालातरी सांगून ठेवावे.

इन्शुलिन आणि नातवंडे यांना बंद गाडीत सोडू नये. उन्हातल्या बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे ११ अंशांनी वाढते. इन्शुलिन थर्मासमध्ये ठेवावे, बर्फाला थेट लागू देऊ नये.

धोक्याची लक्षणे

डोके दुखणे, थकवा, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भोवळ, गडद पिवळी लघवी ही पहिली पायरी. इथेच थांबावे. सावलीत किंवा गाडीत गारव्याला बसवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, जलसंजीवनी घोट घोट द्यावी. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा चालू नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे की नाही, यावर विसंबू नये. ९११ या क्रमांकावर फोन करावा. फोन लागत नसेल तर दुसऱ्या गाडीतल्या माणसाला मदतीसाठी पुढे पाठवावे. मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावे, ओले कपडे लपेटून जोराने वारा घालावा. आधी गार करणे, मग नेणे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, या तापावर ती चालत नाही. मधुमेही गोंधळल्यासारखा वाटला तर साखरही तपासावी. ती कमी असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर ग्लुकोज किंवा साखर द्यावी.

थोडे इतर धोके

जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे वादळी पाऊस होतो. डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी कोरड्या ओढ्यातून क्षणात येते, डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी! अंदाज पावसाचा असेल तर अरुंद घळीत शिरू नये. पावसानंतर तो लाल खडक ठिसूळ होतो, एक-दोन दिवस त्यावर चढू नये. साप आणि विंचू आहेत, म्हणून दिसत नाही अशा कपारीत हात घालू नये. रानटी गाढवे गाडीजवळ येतात, त्यांना खायला घालू नये. ती चावतात आणि लाथही मारतात.

आणि एखादे वाळवंटी कासव दिसले तर नातवाला ते उचलू देऊ नका. ते पावसाचे पाणी मूत्राशयात महिनोन्‌महिने साठवून जगते. कोणी उचलले तर घाबरून ते सगळे सोडून देते आणि पुढे पाण्यावाचून मरू शकते.

गुरुजी यंदा ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघाले आहेत. या वेळी मुलाने सकाळी आठचे आरक्षण काढायचे कबूल केले आहे. गोळ्यांचा कागद आम्ही दोघांनी बसून तयार केला. उठताना बाई म्हणाल्या, "या वेळी पाण्याची बाटली मी यांच्या गळ्यातच अडकवणार आहे." गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.